आरती लावावी की म्हणावी?

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना एकच गोष्ट विचारली होती : आपल्या रोजच्या दिवसात गाणे कोठे येते आणि त्याविषयी काही अडचण किंवा शंका आहे का? आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. काही प्रश्न थोडक्यात सुटणारे आहेत, तर काहींना सविस्तर लिहिणे भाग आहे. पत्रे बहुतेक घरगुती स्वरूपाची असल्याने लेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (लालबाग येथील एका वाचक भगिनी) : आमच्या घरी पूर्वी रोज संध्याकाळी देवापुढे आरती म्हटली जात असे. आता सात वाजता स्पीकरवर आरती लावली जाते आणि ज्याला जमेल तो येऊन हात जोडतो. सासूबाईंना हे खटकते. माझे म्हणणे असे की आमच्या घरात कोणाचाही गळा चांगला नाही आणि रेकॉर्डमधली आरती निदान सुरात व शुद्ध तरी असते. यात खरोखर काही बिघडते का?

उत्तर : माझे मत सासूबाईंच्या बाजूचे आहे, पण त्याचे कारण श्रद्धेपेक्षा संगीताचे आहे. आरतीची चाल ही मुळातच गळा तयार नसलेल्या माणसांच्या तोंडी घडलेली चाल आहे. समर्थ रामदासांची ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ घ्या. तिची रूढ चाल मोजक्या सुरांत फिरते, तिच्यात तान नाही, दम लागेल अशी लांब ओळ नाही, आणि ज्याला कडवे पाठ नाही तोही ‘जय देव जय देव’ आले की सर्वांमध्ये मिसळून जातो. घरात एकाला कडवी येत असली आणि बाकीच्यांना फक्त धृपद येत असले तरी आरती पूर्ण होते. लहान मूल टाळी वाजवत, चुकत, ऐकत दोन वर्षांत तिन्ही कडवी उचलते; त्याला कोणी बसवून शिकवत नाही. रेकॉर्डवर ही सारी सोय वाया जाते, कारण तेथे कोणाच्या येण्याची किंवा मिसळण्याची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. म्हटलेली आरती किती लांबायची हे समोरची माणसे ठरवतात. उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटा, आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी ओले हात पदराला पुसत येत आहे, हे दिसले की म्हणणारा धृपद एकदा जास्त घेतो. कापूर विझत आला की लय आपोआप चढते. गिरगावच्या ज्या चाळीत मी लहानाचा मोठा झालो तेथे गणपतीच्या दहा दिवसांत एका बिऱ्हाडाची आरती संपत आली की पलीकडच्या बिऱ्हाडातली झांज वाजू लागे, आणि आम्ही मुले प्रसादाचा हात पुसत तिकडे धावत असू. पाठांतर झाले ते असे. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सुरू झाला. चाळीचा सामाईक जिना आणि सामाईक गॅलरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आरती अशा ठिकाणी इतकी का रुजली, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आरतीनंतरच्या ‘घालीन लोटांगण’कडेही जरा लक्ष देऊन पाहावे. पहिले कडवे मराठी आहे आणि ते नामदेवांचे मानले जाते. ‘कायेन वाचा’ हा श्लोक भागवताच्या अकराव्या स्कंधातला आहे, ‘अच्युतं केशवं’ हे शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातले आहे, आणि शेवटचा ‘हरे राम’चा मंत्र कलिसंतरण उपनिषदात येतो. वेगवेगळ्या काळांतले, दोन भाषांतले हे तुकडे एकाच टाळीवर आणि चढत्या लयीवर असे बांधले गेले आहेत की म्हणणाऱ्याला सांधा जाणवतही नाही. हे काम कोण्या एका संगीतकाराने केलेले नाही; घरोघरच्या म्हणण्यातून ते झाले आहे, आणि म्हणणे थांबले तर अशी घडण पुढे होणार नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

शुद्धतेचा आपला मुद्दा मात्र मला मान्य आहे. ‘संकटी पावावे’ऐवजी ‘संकष्टी पावावे’ आणि ‘उटी शेंदुराची’ऐवजी ‘ओटी शेंदुराची’ असे अनेक घरांत म्हटले जाते. त्यासाठी आठवड्यातून एकदा रेकॉर्ड ऐकावी, शब्द पुस्तकातून ताडून पाहावेत आणि मग रेकॉर्ड बंद करावी. पाच आरत्यांचा आग्रह धरू नका. रोज एकच म्हणा आणि सुरुवातीचा सूर सासूबाईंना देऊ द्या, कारण घराचा सूर त्यांच्या गळ्याला बेतलेला असतो. तो बहुधा रेकॉर्डपेक्षा खालचा असेल, आणि मग आपल्याला वाटते तसा आपला गळा वाईट नाही हेही लक्षात येईल.

प्रश्न (मुलुंड येथील एक पालक) : दहावीतला मुलगा कानात गाणी लावूनच अभ्यास करतो. संगीताने बुद्धी तल्लख होते असे तो सांगतो. त्याला अडवावे का?

उत्तर : गाण्यात शब्द असतील तर वाचनाच्या वेळी अडवावे. पुस्तकातले शब्द आणि कानातले शब्द मनात एकमेकांच्या आड येतात. इतिहासाचा धडा वाचताना हा अडथळा जास्त, भूमितीची आकृती काढताना कमी. बुद्धी तल्लख होण्याची समजूत १९९३ मधल्या एका प्रयोगावरून पसरली. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना ऐकवली होती, आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता. त्यातून परीक्षेच्या गुणांविषयी काही निघत नाही. अभ्यासाला बसण्यापूर्वी एक आवडते गाणे ऐकून मग बसण्याची सवय मात्र मला चांगली वाटते. आवाजाची मर्यादाही त्याला सांगावी : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे.

प्रश्न (गोरेगाव येथील एक वाचक) : मी चाळिशीत गाणे शिकू लागलो. नोकरीमुळे रियाजाला रात्री दहानंतरच वेळ मिळतो. गुरुजींनी भैरव दिला आहे. सकाळचा राग रात्री गाणे चुकीचे ठरते का? शिवाय दोन खोल्यांचे घर आहे आणि भिंतीपलीकडे शेजारी आहेत.

उत्तर : रागसमयाच्या कल्पनेला नीट मांडणी देणारे पंडित विष्णू नारायण भातखंडे हे मुंबईचेच, १८६० मध्ये त्यांचा जन्म वाळकेश्वरला झाला. त्यांच्या मांडणीत वेळ ही रागाला वरून चिकटवलेली नाही, ती स्वरांवरून काढलेली आहे. रिषभ (रे) कोमल, म्हणजे किंचित उतरलेला, आणि गंधार (ग) शुद्ध असे राग संधिप्रकाशाचे, म्हणजे पहाटेचे किंवा दिवेलागणीचे. त्यांतही शुद्ध मध्यम (म) प्रबळ असेल तर सकाळ आणि तीव्र, म्हणजे किंचित चढलेला, मध्यम असेल तर संध्याकाळ, म्हणून भैरव पहाटेचा आणि पूरिया धनाश्री सांजेचा. त्यानंतर रिषभ-धैवत (रे-ध) शुद्ध असलेले राग येतात, जसा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा यमन, आणि पुढे गंधार-निषाद (ग-नी) कोमल असलेले, जसे बागेश्री किंवा मालकंस. ही साखळी दिवसातून दोनदा फिरते.

तथापि परंपरेनेच यात सवलती ठेवल्या आहेत. भैरवी हा सकाळचा राग, तरी मध्यरात्री संपणाऱ्या मैफिलीचाही शेवट भैरवीनेच होतो. पावसाळ्यात मल्हाराला प्रहराचे बंधन मानत नाहीत. कर्नाटक संगीतात तर वेळेचे नियम एवढे काटेकोर पाळलेच जात नाहीत. शिकणे आणि मांडणे यांत फरक करावा असे माझे मत आहे. भैरवाचा आंदोलित रिषभ गळ्यात बसवण्याचे काम रात्री दहा वाजता करायला हरकत नाही, ते हस्ताक्षर गिरवण्यासारखे आहे. पण रविवारी एक दिवस साडेपाचला उठावे, तानपुरा मोबाइलवरचा असला तरी चालेल, आणि खिडकीबाहेर उजाडत असताना तोच रिषभ लावून पाहावा. रात्री जे केवळ अचूक वाटत होते ते त्या वेळी खरे वाटू लागते, हा माझा तीस वर्षे शिकवण्यातला अनुभव आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांनी हे एकदा केले त्यांना पुन्हा सांगावे लागलेले नाही.

शेजाऱ्यांविषयी : ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ही मर्यादा मोकळ्या आवाजात सोडलेल्या गळ्याला फारच लवकर ओलांडता येते. म्हणून रात्रीचा रियाज खर्जाचा ठेवावा, तोंड मिटून गुंजन करावे, अलंकार हलक्या आवाजात घ्यावेत. सामाईक भिंतीकडे तोंड करून मुळीच बसू नये; कपड्यांच्या कपाटासमोर बसावे, कपडे पुष्कळसा आवाज गिळतात. आणि एकदा स्वतः शेजारी जाऊन त्यांच्या झोपेची वेळ विचारून यावे.

प्रश्न (परळ येथील एक ज्येष्ठ वाचक) : आमच्या लहानपणी गिरणीचा भोंगा, मग एखाद्या दिवशी वासुदेवाच्या चिपळ्या आणि नंतर रेडिओ सुरू होतानाची ती धून, यांवर सकाळ उजाडत असे. रेडिओची ती धून कोणाची?

उत्तर : ती धून १९३६ मधली असून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. ते मूळचे आजच्या चेक प्रजासत्ताकातले ज्यू संगीतकार; युरोपातील परिस्थिती बिघडत असताना १९३४ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे येथील रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. तानपुऱ्याच्या साथीवर व्हायोलिनचे काही स्वर, आणि त्यांत शिवरंजनीची छाया, एवढीच ती रचना आहे. मुंबईचे केंद्र त्याआधीच, २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. गिरणगावात ‘कामगार सभा’ आणि ‘आपली आवड’ या कार्यक्रमांच्या वेळा भिंतीवरच्या घड्याळापेक्षा पक्क्या मानल्या जात. आपल्या पत्रातला वासुदेव मलाही आठवतो. मोरपिसांची उंच टोपी जिन्याच्या वळणावर आधी दिसे आणि मग माणूस.

प्रश्न (डोंबिवली येथील एक वाचक) : आमचे लोकलमधले भजनी मंडळ अठरा वर्षे जुने आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. अलीकडे काही तरुण प्रवासी आक्षेप घेतात आणि एकाने तक्रारही केली. आम्ही कोणाचे वाईट करत नाही. आमचे काय चुकते?

उत्तर : आपले पत्र वाचून मला दोन्ही बाजूंविषयी आत्मीयता वाटली, म्हणून स्पष्ट लिहितो. लोकलमधले भजन ही मुंबईने घडवलेली गोष्ट आहे. गिरणगावातल्या चाळींतून कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी भजनी मंडळे चालवली, त्यातून डबलबारीसारखा, दोन भजनी बुवांच्या सामन्याचा, अटीतटीचा प्रकार या शहरात फोफावला, आणि माणसे उपनगरांत राहायला गेली तेव्हा भजन त्यांच्याबरोबर गाडीत चढले. तासाभराच्या प्रवासात ‘जय जय रामकृष्ण हरी’ने सुरुवात, मग रूपाचा अभंग, मग दोन-तीन अभंग, एखादी गौळण, आणि दादर मागे पडल्यावर शेवट, अशी चौकट त्या प्रवासाने आपोआप आखून दिली. एरवी ज्यांना एकमेकांचे आडनावही कळले नसते अशी माणसे एकमेकांच्या घरच्या आजारपणात धावून जातात. हे मी पाहिलेले आहे.

परंतु देवळात येणारा माणूस भजनासाठी येतो आणि डब्यात येणारा कामावर जाण्यासाठी. त्याला उठून जायला जागा नसते. रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, मुलाखतीला निघालेला मुलगा, डोके दुखत असलेला माणूस, यांना आपल्या टाळाचा आवाज चुकवता येत नाही, आणि पत्र्याच्या बंद डब्यात टाळ देवळातल्यापेक्षा कितीतरी कर्कश होतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४५ मध्ये सहप्रवाशांच्या त्रासाचा विचार केलेला आहे, म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या बाजूने कायदाही आहे. भावना शुद्ध असल्याने आवाज कमी होत नाही.

आपण विचारले आहे म्हणून काय करावे तेही सांगतो. बॅटरीवरचा स्पीकर आणला असेल तर तो आजच बंद करा. भजन त्याच्याशिवाय शेकडो वर्षे चालले आहे. डब्याच्या पत्र्यावर हाताने ठेका धरणे थांबवा. टाळांचा एकच जोड ठेवा आणि तोही रुमाल गुंडाळून वाजवा, बाकीच्यांनी हलकी टाळी द्यावी. डब्याच्या एका टोकालाच बसा, संपूर्ण प्रवासभर न गाता मधली पंचवीस मिनिटे ठरवून घ्या, आणि ज्याने तक्रार केली त्याच्याशी मंडळातल्या सर्वांत वयस्कर माणसाने स्वतः बोलावे. त्याने ‘आज नको’ म्हटले तर त्या दिवशी मनातल्या मनात म्हणावे. नामस्मरणाला आवाजाची अट कोणत्याही संताने घातलेली नाही.

प्रश्न (चेंबूर येथील एका वाचक भगिनी) : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. मूळच्या मावळातल्या, लग्नानंतर मुंबईत आल्या. गेली तीन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे, आता त्या मुलालाही नावाने ओळखत नाहीत. पण मागच्या महिन्यात मी कणीक मळत असताना त्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी जात्यावरच्या सहा-सात ओव्या एकही शब्द न अडखळता म्हटल्या. मी तेथेच रडू लागले. एरवी आंघोळीच्या वेळी त्या फार घाबरतात, हात झटकतात. या गाण्याचा त्यांच्यासाठी काही उपयोग करता येईल का?

उत्तर : आपले पत्र मी दोन-तीन वेळा वाचले. जे झाले ते या आजारात अनेक घरी अनुभवास येते. नावे, तारखा, कालची घटना यांच्या आठवणी लवकर विरतात. चालीत बांधलेले आणि हजारो वेळा म्हटलेले शब्द बऱ्याच रुग्णांत पुष्कळ उशिरापर्यंत टिकून राहतात. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या काही माणसांना वाक्य बोलता येत नाही, पण तेच शब्द गाता येतात, आणि त्यावर आधारलेली उपचारपद्धती १९७३ पासून वापरात आहे. ओवीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती नुसती पाठ केलेली नसते. पहाटेच्या अंधारात खुंट्याला धरलेला हात गोल फिरतो, त्या फेऱ्याला ओळ बांधलेली असते, आणि सासूबाईंनी ती बहुधा दहा-बारा वर्षांच्या असताना आईच्या समोर बसून उचलली असेल. आपला हात परातीत गोल फिरत होता आणि पिठाचा वास येत होता. ओवी त्यांना आठवली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या हाताने त्यांना दिली, असे मी म्हणेन.

म्हणून उपयोगही हाताकडून सुरू करावा. रोज एकाच वेळी, सकाळी दहाच्या सुमारास म्हणा, त्यांच्यापुढे ताटात थोडे गहू ठेवा आणि निवडायला द्या. आपण शेजारी बसून ‘पहिली माझी ओवी’ एवढे शब्द त्यांच्याच चालीत म्हणा आणि थांबा. पुढचे त्यांनी म्हटले तर उत्तम, न म्हटले तर आपण ओळ पूर्ण करा. ‘ही कोणाची ओवी? कोठे शिकलात?’ असे प्रश्न विचारू नका. प्रश्नाने त्यांना आपण काहीतरी विसरलो आहोत हे कळते आणि चेहरा उतरतो.

आंघोळीची भीती बहुधा पुढे काय होणार हे न कळण्याची असते. तेथेही एकच ओवी ठरवा आणि ती न्हाणीघराकडे निघण्यापूर्वीच सुरू करा. पाणी अंगावर पडेपर्यंत चाल तुटू देऊ नका, तांब्या ओवीच्या लयीत घाला, पहिला पायावर, मग हातावर, आणि डोक्यावर सर्वांत शेवटी. रेकॉर्ड लावू नका, कारण त्या घाबरल्या तर आपला आवाज थांबू शकतो, हळू होऊ शकतो, तीच ओळ पुन्हा घेऊ शकतो. रेकॉर्डला त्यांचा चेहरा दिसत नाही. दोन-तीन आठवडे नेमाने करून पाहावे. काही दिवस ते चालणार नाही, त्या दिवशी आग्रह सोडून नुसते ओल्या फडक्याने अंग पुसावे. हे सारे डॉक्टरांच्या उपचारांबरोबर करायचे आहे, त्यांच्याऐवजी नव्हे, आणि जे करता ते त्यांच्या कानावर घालावे.

आणखी एक विनंती करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता तो संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्यात सासूबाईंच्या भागातल्या ओव्या शोधून आपण त्यांची चाल पक्की करून घेऊ शकाल. आणि त्या म्हणतात त्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, शिवाय वहीतही उतरवा. त्या ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असतील तर तसेच लिहा. ओवीत भावाचे, आईचे, गावाचे नाव येते. ते नाव आले की पुढे घरात त्या नावाचे कोण होते हे आपल्या यजमानांना विचारून कंसात लिहून ठेवा. काही नावे त्यांनाही ठाऊक नसतील, ती तशीच राहू द्या.